‘पाठमोरी’चं शेवटचं रीळ

जुन्या फिल्मला आंबूस वास येतो. आधी तो बोटांना लागतो, मग कपड्यांना, आणि पुढे पुढे माणसालाच लागतो. बसमध्ये शेजारची बाई खिडकी उघडते आणि मी आपली काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं बाहेर बघत बसते. माझं वर्कशॉप एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. खालचं मशीन सुरू झालं की माझ्या टेबलावरच्या कात्र्या थरथरायला लागतात. खिडक्यांना काळं कापड ठोकलेलं आहे, त्यामुळे भर दुपारीही आत दिवा लावावा लागतो. काम म्हणाल तर शिवणकामाचंच भावंड. फाटलेली फिल्म सांधायची, कडेची तुटलेली भोकं दुरुस्त करायची, बुरशी पुसायची, आणि शेवटी रीळ पुन्हा सुरुवातीपर्यंत गुंडाळून मालकाच्या हातात द्यायचं.

मालक म्हणजे संग्राहक. ही जमात सिनेमे बघत नाही, हे आधीच सांगून टाकते. हे लोक डबा उघडतात, वास घेतात, झाकण लावतात आणि एकमेकांना फोन करतात. एकानं लग्नाच्या वाढदिवसाला बायकोपुढे गंजका डबा ठेवला होता. बायको तेव्हापासून बहिणीकडे राहते. मला हे लोक आपसात ‘सांधेवाली’ म्हणतात. तोंडावर अर्थातच ‘ताई’.

त्यांच्यातला सगळ्यात चिकट म्हणजे दंतवैद्य. समोरच्याच्या तोंडात कापूस कोंबलेला आहे असं धरून तो बोलतो. प्रश्न विचारतो आणि उत्तरासाठी थांबत नाही. एरवी तो डबे कोणाच्या तरी हाती पाठवतो. त्या दिवशी मात्र स्वतः जिना चढून आला. डबा त्यानं छातीशी धरला होता.

“बसा, ताई, बसा,” तो म्हणाला. मी बसलेलीच होते. “‘पाठमोरी’ मिळाली. शेवटचं रीळ. आहे की नाही गंमत?”

मी हातातली कात्री खाली ठेवली.

‘पाठमोरी’ हे काही त्या सिनेमाचं खरं नाव नव्हे. खरं नाव ज्या तुकड्यावर होतं तो तुकडा कोणाकडेच नाही. भुताचा सिनेमा, काळा-पांढरा, आणि खरं सांगायचं तर भिकार. दुसरं लग्न केलेला एक माणूस, त्याचं मोठं घर, आणि त्या घरात फिरणारी त्याची मेलेली पहिली बायको. थिएटरांनी तो काही दिवसांतच उतरवला. निर्मात्याचं दिवाळं निघालं, आणि प्रती चांदी काढून घेण्यासाठी वितळवल्या गेल्या. एवढ्यावर विषय संपायला हवा होता. पण शेवटच्या रिळात एक लांबलचक दृश्य आहे. एक बाई व्हरांड्यातून पलीकडच्या खिडकीकडे चालत जाते. चेहरा दिसत नाही. नुसती पाठ, नुसती वेणी. त्या दृश्यापायी हे लोक वेडे झालेले आहेत, कारण ज्यांनी ज्यांनी ते पाहिलंय त्यांचं एकमेकांशी पटत नाही. एक म्हणतो, ती व्हरांड्याच्या मध्यावरून निघते. दुसरा शपथ घेऊन सांगतो, छे, त्याच्याही पलीकडून. दोन मित्रांचं यावरून बोलणं बंद झालं होतं. शिकलेली माणसं.

“दुरुस्त करा, एकदा चालवून बघा, आणि मला फक्त एवढंच सांगा,” दंतवैद्य म्हणाला. “ती कुठून निघते?”

डब्यावर पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. तिच्यावर जाड अक्षरांत लिहिलं होतं, ‘बघून झाल्यावर उलटं गुंडाळू नये.’

“हे काय?”

“आधीच्या मालकाची लहर. बघितलं की तसंच ठेवायचं म्हणे. आता पुढच्या वेळी बघायचं तर गुंडाळावं लागणारच ना? म्हणून तो पुन्हा बघतच नसे!” तो एकटाच हसला. “तुम्ही नका लक्ष देऊ.”

त्यानं सांगितलं नसतं तरी मी लक्ष दिलं नसतं. गिऱ्हाइकांच्या सूचना मी वाचते आणि विसरते.

त्या सिनेमात जी बाई पाठमोरी दिसते ती माझी आई आहे.

हे मी दंतवैद्याला सांगितलं नव्हतं. त्यांच्यातल्या कोणालाच नाही. सांगितलं असतं तर माझाही वास घेऊन त्यांनी मला कपाटात ठेवलं असतं. मलासुद्धा ते आत्याकडून कळलेलं. बोलण्याच्या ओघात ती एकदा बोलून गेली आणि मग जीभ चावून गप्प बसली. बाबा त्या सिनेमाचे एडिटर होते. ठरलेली नटी आली नाही, म्हणून पाठ दाखवायला त्यांनीच आईला नेलं. तिला ते काम आवडलं. घरात भांडणं झाली. आणि ती गेली.

मी इतकी लहान होते की माझ्याकडे तिचं काहीच उरलेलं नाही. दारातून आलेला एक आवाज तेवढा आहे. “येते हं मी.” आपल्यात निघालेली बाई ‘जाते’ म्हणत नाही. चपला सरकवते, कडी काढते आणि म्हणते, ‘येते’. मोठ्यांना त्यातलं कळतं. लहान पोर बिचारं शब्दाला धरून बसतं. मी दाराशी बसले. आत्यानं उचलून आत नेईपर्यंत बसले.

बाबांनी घरातले सगळे फोटो जाळले. लग्नाचे, फिरायला गेल्याचे, मला मांडीवर घेतल्याचे. आईबरोबर त्या फोटोंतली मीही जळाले, पण तेवढा विचार करायची त्यांना फुरसत नसावी. मी कोणासारखी दिसते, असं विचारलं की आत्या म्हणायची, “तू आपली तुझ्या बापासारखी.” आरशात आईला शोधायचा नाद मी केव्हाच सोडला. नाक, कपाळ, हनुवटी, तिथे सगळीकडे बाबाच बसलेले आहेत.

मला तिचा चेहरा एकदा बघायचा होता. प्रेमानं वगैरे नाही. मला तिचा राग होता, आणि इतकी वर्षं तो राग कोणाच्या तोंडावर फेकायचा तेच मला कळत नव्हतं.

दंतवैद्य गेल्यावर मी रीळ तपासायला घेतलं. फिल्मची कड दोन बोटांच्या चिमटीत धरायची आणि हळूहळू सरकवत राहायचं. कुठे फाटलंय, कुठे उसवलंय, ते डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं. थोड्याच वेळात बोट एका सांध्यावर अडलं. थिएटरात जाणारी प्रत सलग छापलेली असते. ही तशी नव्हती. तुकडे जोडून टेबलावर केलेली ही पहिली प्रत होती, एडिटरच्या हातची. आणि सांधा सरळ नव्हता. डावीकडे किंचित उतरता होता, डावखुऱ्या माणसानं कापल्यासारखा.

तो सांधा मी कुठेही ओळखला असता. माझी बोटं हातात धरून बाबांनी मला तोच शिकवला होता. मी उजव्या हाताची, तरी माझेही सांधे तसेच उतरतात.

फिल्म टेबलावर चढवली आणि दिवा लावला. आमच्या टेबलावर वहीएवढी काच असते, तिच्यावर चित्र दिसतं. हँडल पुढे फिरवलं की सिनेमा पुढे, मागे फिरवलं की मागे. आवाजाची पट्टी झिजलेली होती, म्हणून सगळं मुकं. व्हरांडा दिसला. पलीकडच्या टोकाला खिडकी. अलीकडे भिंतीवरचं घड्याळ, त्याच्या अलीकडे कोट टांगायचा खांब, आणि अगदी पुढे एक छोटं टेबल, त्यावर जळती मेणबत्ती.

ती घड्याळापाशी होती. तिथून निघाली आणि खिडकीकडे चालत गेली. वेणी कमरेपर्यंत, टोकाला फीत. चाल विचित्र होती. पाऊल टेकायच्या जागी उचलल्यासारखं वाटायचं आणि उचलायच्या जागी टेकल्यासारखं. कपड्यांचा घोळ मागे राहायचा सोडून तिच्या पुढे पुढे ओढला जात होता. मग सांधा आला आणि दृश्य संपलं.

मला रडू आलं नाही. एवढ्यासाठी आयुष्यभर जीव टाकला होता, एका पाठीसाठी. मी उठून गॅसवर चहा ठेवला आणि उभ्या उभ्याच, काचेकडे न बघता, एका हातानं हँडल उलटं फिरवून रीळ सुरुवातीला आणून ठेवलं. हाताची सवय. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं.

दंतवैद्याला फोन करून सांगितलं, “घड्याळापासून.”

“अरेच्चा,” तो म्हणाला. “आधीचा मालक म्हणाला होता, खिडकीच्या जरा अलीकडून.”

“त्यांना चष्मा लागला असेल,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी डाग पुसायला रीळ पुन्हा चढवलं. ती कोटाच्या खांबापाशी उभी होती.

आपण कालचं नीट पाहिलं नाही, असं मी स्वतःला समजावलं. डोळे भरलेले असताना माणूस काहीही बघतो. पण माझे डोळे काल भरलेले नव्हते, आणि घड्याळ आणि खांब यांतला फरक मला कळतो. मी मेणाची पेन्सिल घेतली आणि सांध्याला लागून असलेल्या पहिल्या फ्रेमच्या कडेला लाल खूण केली. दिवसभर काम केलं. संध्याकाळी रीळ पुढे चालवून तपासलं, गुंडाळलं आणि घरी गेले.

सकाळी लाल खूण जागच्या जागी होती. सांध्याला लागून, कडेला, माझ्याच हातची. त्या फ्रेममधली बाई मेणबत्तीच्या टेबलापाशी आली होती.

मी फिल्म टेबलावरून काढली. खिडकीचं कापड बाजूला करून ती फ्रेम उन्हात धरली, भिंगाखाली पाहिली. वेणीचे पेड मोजता आले असते. फिल्म आक्रसते, ताणली जाते, तिचा रंग उडतो. फिल्मवरचा माणूस चालत नाही. माझं सगळं पोट ज्यावर चालतं ती गोष्ट ही. मी पुन्हा फिल्म चढवली, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

आता ती इतकी जवळ होती की तिच्या शेजारच्या मेणबत्तीकडे माझं पहिल्यांदाच लक्ष गेलं. धूर वर जात नव्हता. वरून खाली येत होता, आणि ज्योतीत शिरत होता.

म्हणजे तुकडा उलटा छापलेला होता. लॅबला सांगून शेवटाची सुरुवात करून घेता येते. जुन्या भुताच्या सिनेमांत असल्या युक्त्या सर्रास असत. मला हसू आलं. संग्राहकांच्या त्या जगावेगळ्या चालीचं कोडं एवढंसंच होतं. आणि मग हसू थांबलं. चित्र उलटं असेल, तर ती जात नव्हती.

मी हँडल मागे फिरवलं. या वेळी काचेकडे बघत.

धूर वर चढायला लागला. खिडकीपासून ती निघाली, पाठ माझ्याकडेच, आणि मागे मागे चालत येऊ लागली. आता चाल अगदी बरोबर होती. न बघता मागे येणारा कोणीही असाच येईल, आधी चवडा टेकून, मग टाच, अंदाज घेत. एक हात तिनं मागे केला होता. बोटं पसरून ती काहीतरी चाचपत होती. घड्याळ गेलं, खांब गेला, टेबल गेलं. तिचा उजवा खांदा जरासा फिरला. वळणार, असं वाटलं, आणि बाबांचा तिरका सांधा आला.

दुपारी जेवायच्या वेळी मी घरी आले. बाबांना हल्ली भरवावं लागतं. खिडकीशी त्यांची खुर्ची असते, दिवसभर ते तिथेच असतात. आदल्या दिवशी कोण येऊन गेलं ते त्यांना आठवत नाही, पण ताटात मीठ कमी पडलं तर बरोबर कळतं.

“बाबा, ‘पाठमोरी’चं रीळ आलंय माझ्याकडे.”

त्यांनी तोंड मिटलं. चमचा तसाच राहिला.

“चालवलंस?”

“चालवलं.”

“गुंडाळलंस?”

दुसऱ्या कोणी विचारलं असतं, कशी दिसत होती, तुला काय वाटलं. माझ्या बापानं विचारलं, गुंडाळलंस का.

“तुकडा उलटा आहे,” मी म्हटलं. “तुम्ही केलात?”

“कथेत ती यायची होती.” त्यांचा आवाज स्वच्छ होता. “मागे मागे चालत यायची, आणि अगदी जवळ येऊन वळायची. तसंच घेतलं होतं. मी तिला घालवली.”

“का?”

“तिचा निरोप आला होता. येते म्हणून. झालं गेलं विसरा म्हणून.” त्यांनी हातानं चमचा बाजूला सारला. “मला राग होता. म्हटलं, टेबलावर तरी माझ्या मर्जीनं चालेल. लॅबमधून तुकडा उलटा करून आणला आणि सांधला. ती परत यायला निघाली होती त्याच दिवशी.”

“मग?”

“मग काय. बसमधून उतरलेली लोकांनी पाहिली. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं पाहिली. मला म्हणाला, वहिनी तुमच्या घराकडून परत चालल्या होत्या. हाक मारली, पण वळल्या नाहीत.”

मी ताट खाली ठेवलं. “ती परत येत होती, आणि तुम्ही मला जन्मभर सांगितलंत की ती आपल्याला टाकून गेली.”

“गेलीच ना.”

त्या क्षणी मला त्यांचा इतका तिटकारा आला की मी उठून भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. या माणसाची नखं मी कापते. याच्या उशीचे अभ्रे धुते.

“वळते तो तुकडा कुठे आहे?”

“जाळला. फोटोंबरोबर.”

“एखादी फ्रेम तरी असेल कुठे.”

“एकही नाही,” बाबा म्हणाले. त्या आवाजात मला अजूनही जुना अभिमान ऐकू आला. “मी अर्धवट काम करत नसे.” मग खिडकीबाहेर बघत, “गुंडाळू नकोस आता,” म्हणाले.

मी त्यांचं तोंड पुसलं, गार झालेलं ताट उचललं आणि वर्कशॉपला परत गेले.

गुंडाळू नकोस म्हणे! इतकी वर्षं त्यांच्या मर्जीनं घर चाललं. त्यांच्या मर्जीनं फोटो जळले, त्यांच्या मर्जीनं आई गेली. फिल्ममधला माणूस चालत नाही, हे मला ठाऊक होतं. आणि ती चालत होती. येते म्हणाली होती, आणि येत होती. तिला मधेच अडवून ठेवलं होतं ते बाबांच्या सांध्यानं.

मी ब्लेड घेतलं आणि सांधा सोडवला. त्याच्या अलीकडे कोरी फिल्म जोडली, चांगली लांब, वळायला भरपूर जागा राहील अशी.

मग रीळ शेवटापर्यंत पुढे नेलं. आणि हँडल उलटं फिरवायला सुरुवात केली.

धूर वर चढला.

ती खिडकीपासून निघाली. या वेळी अंदाज घेत नव्हती. तिला वाट माहीत झाली होती.

घड्याळ. खांब. टेबल.

पाठीनं काच भरली. नंतर नुसती वेणी, नंतर नुसते केस. काचेवर काळोख झाला. मी हँडल सोडलं.

हँडल फिरतच होतं.

खाली छापखान्याची चहाची सुट्टी होती. मशीन बंद होतं. टेबलावरच्या कात्र्या थरथरत होत्या.

“वळ,” मी म्हटलं. “आई, वळ ना गं.”

फिल्मचं टोक निसटलं आणि टेबलावर फटफट आपटायला लागलं. मी दिवा मालवला. खोलीत आंबूस वास होता, रोजचाच. माझ्या पाठीमागे दार हळूच लागलं.

जरा वेळानं जिन्यात पावलं वाजली आणि दंतवैद्य आत आला. कपाळावर घाम होता.

“आत्ता कोण उतरलं तुमच्याकडून?” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच उत्तरासाठी थांबला. मी दिवा लावला. “मला जिन्यात भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं. मागे मागे उतरत होत्या हो. कठडा चाचपत. वर बघितलं तर आधी पाठच दिसली, आणि मग त्या शेजारून गेल्या तेव्हा मी डोळे मिटून घेतले.”

मी रीळ चढवलं आणि त्याला दाखवलं. व्हरांडा, खिडकी, घड्याळ, खांब, टेबल. धूर मेणबत्तीत शिरत होता. दुसरं काही नव्हतं. त्यानं दोनदा बघितलं. घाम पुसला. आणि त्याचा चेहरा उजळला.

“रिकामी!” तो म्हणाला. “ताई, रिकामी! अशी प्रत कोणाकडेच नाही! मंडळी जळून खाक होणार!”

बाई कुठे गेली, हे त्यानं विचारलंच नाही. “तुम्हाला माहीत होतं,” मी म्हटलं. “ती माझी कोण ते.”

“म्हणून तर तुमच्याकडे आणलं ना. आमच्यात बोलणं झालं होतं, घरच्या माणसाला एकदा दाखवून बघावं.” त्यानं डब्याचं झाकण लावलं, मग थबकला. “घरी कोण असतं तुमच्या?”

“वडील.”

“एडिटर?”

मी मान हलवली. तो माझ्याकडे बघेना. डबा उचलून जिन्याच्या तोंडाशी गेला, खाली वाकून बघितलं आणि मग भराभर उतरला.

घरी यायला मला फारसा वेळ लागला नाही. उन्हं अजून खिडकीत होती. दार नुसतं लोटलेलं होतं आणि आतून बाबांचा आवाज येत होता, मऊ, मी कधीच न ऐकलेला.

“उभी का? बस की.”

मी दार ढकललं. बाबा खिडकीशी खुर्चीत होते. मी दारात होते. आमच्या दोघांच्या मधे, खोलीच्या मध्यावर, ती उभी होती.

“आलीस? बरं झालं,” बाबा मला म्हणाले. ते रडत होते. “केव्हाची आलीये. माझ्याकडे बघत नाही. वळ म्हटलं तर वळते, आणि तरी पाठच. राग आहे तिला माझा. तुझ्याकडे तोंड करून उभी राहिली, बघ.”

मी बघत होते.

“सांग ना गं,” बाबा म्हणाले. “कशी दिसते? मला काही केल्या आठवत नाही.”

माझ्या बाजूला वेणी होती. कमरेपर्यंत आलेली, टोकाला फीत, फितीची गाठ सैल झालेली. मी एक पाऊल डावीकडे सरकले. वेणीच होती.

“सुंदर आहे,” मी म्हटलं. “तुम्हाला नाही दिसायची.”